टकरीचा एडका आणि पेढीचे खांब

सन चौतीसच्या मंदीत इंदापूरच्या पतपेढीत कुणी फिरकत नव्हतं. चिटणीस रामहरी लोकांना हिशेब दाखवी आणि लोक जांभया देत. शेवटी त्यानं दारात दोन जाडजूड काळे खांब उभे केले, समोरच्या मोठ्या बँकेसारखे. आठवड्यात रांग लागली! अशा लोकांना शिव्या घालून उपयोग नसतो, पण घालाव्याशा वाटतात.

साखरबाईनं तर निम्मी मेंढरं विकली आणि शेळगावच्या जमिनीचा सौदा ठरेपर्यंत सगळा पैसा फडक्यात बांधून इथं ठेवला. बाजाराच्या दिवशी ती चौकशीला आली, आपला एडका खांबाला बांधून आत गेली. एडका टकरीचा. समोर काही ताठ उभं दिसलं की त्याचं डोकं शिवशिवे. तो चार पावलं मागं सरला आणि धडकला.

खांब फुटला. आतून बांबू, चिखल आणि वाळकं गवत बाहेर पडलं. काळा दगड म्हणजे चुन्यावर फिरवलेली काजळी होती.

"आरं, खांब पोकळ हाय! पेढी बुडाली!" भाजी-माळवं विकणारा सावळाराम बाजारभर बोंबलत सुटला.

घटकाभरात दारात झुंबड उडाली. सगळ्यांत पुढं साखरबाई.

"रामहरीराव, खांब बघून पैसं ठिवलं मी! माझी जमीन ह्या चिखलात घातली व्हय?"

रामहरी म्हणाला, "बाई, गवंड्यानं दगडाचं लई पैसं सांगितलं. लोकांच्या ठेवीतनंच द्यावं लागलं असतं. म्हून घरचं बांबू लावलं."

"मग आमचं पैसं कुठं हायेत?"

"तिजोरीत."

"उघडा."

त्यानं उघडली. साखरबाईनं आपलं फडकं ओळखलं, हातात घेऊन वजन केलं, परत ठेवलं आणि बाहेर आली.

"पैसं हायेत. ह्या येड्यानं खांबात घातलं न्हाईत."

मग तिनं एडका सोडला आणि ओढत समोरच्या बँकेपुढं नेला. एडक्याला सांगावं लागलं नाही. तो मागं सरला, धावला, धडकला. खांब हलला नाही. एडकाच मटकन खाली बसला.

सावळारामनं खांबावर थाप मारली. "ह्यो बघा! अस्सल दगूड!"

"व्हय," साखरबाई म्हणाली. "आन ह्यो कुणाच्या पैशातला?"

सावळारामनं खांबावरचा हात काढला.

"आयला," सावळाराम पुटपुटला, "माझी निम्मी ठेव हितंच हाय की!" आणि तो पायऱ्या चढत पळाला. त्याच्यामागं पतपेढीच्या दारातली सगळी रांग रस्ता ओलांडून आली.