राहूकरांनी नवाबाचा राजवाडा बाहेरून सर केला त्याची हकिकत

श्रीबिरोबास स्मरून आणि चहा निवण्याआधी, घडले तैसे लिहितों. पदरचे मीठ थोडकेच घातले आहे.

सन दोन हजार तीन, माघ मास. मौजे राहू येथे वच्छलाबाईसाहेब यांची अब्रू सत्तावीस वर्षे टांगणीस होती. कारण ऐसे की, नव्या नवरी असता त्या मेंढरांमागे कोकणात उतरल्या, आणि दर्यातीरी एका गावी टेकडीवर नवाबाचा दोन मनोऱ्यांचा राजवाडा देखिला, आणि घरी येऊन सांगितला. मग वडील नणंद म्हाळसाबाईसाहेब यांनी ऐसी थट्टा मांडिली की, कोणी थाप मारिली तर अवघा गाव म्हणे, हा वच्छीचा वाडा! मेंढरे गेली, ऊस आला, थट्टा हटेना.

शेवटी यजमान तात्याबा सरलष्कर यांनी विडा उचलिला की, वाडा आतून दाखवीन, न दाखवीन तर मिशा उतरवीन. आणि भाड्याची ट्रॅक्स, दशम्यांची दुरडी, शेंगदाण्याच्या चटणीचा दारूगोळा सिद्ध करोन, प्रतिपक्ष म्हाळसाबाई यांस मधल्या शिटावर घालोन कूच केले. घाटात प्रतिपक्षास तीन वेळा उलटी जाहाली, तरी जीभ शाबूत.

वाड्याचे दरवाजाशी पोहोचले तो कुलूप, पाटी, पहारेकरी आणि कालवडीएवढी दोन कुत्री. पहारेकऱ्याने फर्माविले की, वाडा खाजगी, आत सोडणे नाही, काय पाहणे ते बाहेरून पाहावे. सरलष्करांनी "आमी राहूचं हाय, राहूचं!" ऐसी ललकारी दिली, कुत्री भुंकली, आणि मग सरलष्कर ट्रॅक्समध्ये बसोन काच वर करिते जाहाले. दरवाजातून दिसे काय, तर भिंत आणि माडांचे शेंडे.

म्हाळसाबाई बोलिल्या, "ह्यो का गं तुजा वाडा? ह्याच्यापरीस आपला गोठा बरा."

आपण स्वप्नच पाहिले की काय, ऐसे वाटोन वच्छलाबाईंचे डोळे भरोन आले. मग सासऱ्यांची शिकवण स्मरली की, मेंढरं मोजायची तर कळपात शिरू नये, समोरच्या टेकाडावर जावं. आणि पदर खोचोन हुकूम केला, "चला वन्सं, माज्यामागं!"

मग चढण, मग करवंदीच्या जाळ्या, आणि मग पूर्वी मेंढरे बसविली तो कातळ. तेथून वळोन पाहती तो दोन्ही मनोरे, कमानी, गच्च्या, आणि मागे अवघा दर्या. कुत्री खाली भुंकत राहिली.

म्हाळसाबाई कातळावर टेकल्या. मनोरे बोटाने मोजोन म्हणाल्या, "हाय गं बाई. हाय."

खाली येताच सरलष्करांनी काच उतरविली आणि मी म्हणतच होतो ऐसे कळविले. मिशांचा विषय कोणी काढिला नाही.

राहूस परतल्यावर म्हाळसाबाईंनी पिठाच्या गिरणीवर वाडा सांगितला, तो चार मनोऱ्यांचा, आणि आतून पाहिलेला. बाया हसल्या आणि वच्छलाबाईंकडे वळल्या. सत्तावीस वर्षांचा सूड हातातोंडाशी आला होता.

बाईसाहेब म्हणाल्या, "व्हय, चारच व्हतं."

ऐसे जिंकिलेल्या प्रतिपक्षास अभय देऊन फत्ते पुरी जाहाली. येणेप्रमाणे दफ्तरी नमूद असे.