पिवळी फीत, लाल फीत

गायधनीकाका कुणाकडेही गेले की आधी घरातलं वायरिंग बघत, मग माणसं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आले आणि नवऱ्यामुलाकडे पाठ करून दिव्यांच्या माळेसमोर उभे राहिले.

"सेक्रेटरीबाई, जोड उघडा आहे."

खिशातली चिकटपट्टी काढून त्यांनी जोड झाकला, तेव्हा कुठे पेढा तोंडात टाकला. मी तेव्हा आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते, म्हणून सेक्रेटरीबाई. माझं नाव त्यांना माहीत असावं, पण त्याचा त्यांनी कधी उपयोग केला नाही.

काका सातपूरच्या एका कारखान्यात पॅनेलचं वायरिंग करत. नव्वदचं दशक संपता संपता निवृत्त झाले आणि रणगाडे करायला लागले. प्लायवूड आणि पत्र्याचे, हातभर लांब, रिमोटवर चालणारे. बाहेरून रंग ग्रिलला लावून उरलेला. जीव सगळा आतल्या वायरींत. पंचवटीत पौरोहित्य करणाऱ्या धाकट्या भावाकडून जानव्याचं सूत आणून ते वायरींच्या जुड्या बांधत.

"अहो दादा, जानवं ते!" भाऊ कळवळून म्हणाला.

"म्हणूनच. गाठ सुटत नाही."

भावानं वाद सोडला. सूत देणं सोडलं नाही.

रणगाडे दोन होते. एक काकांचा, एक त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा. दर रविवारी सकाळी दोघं पार्किंगमध्ये ते फिरवत. सुरू करण्यापूर्वी काका सगळ्यांना नियम सांगत, मग ऐकणारा दूधवाला का असेना. रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल असतो आणि त्याची जोडी गाडीत. काकांच्या जोडीला पिवळी फीत, काकूंच्या जोडीला लाल; तीच फीत गाडीच्या अँटेनालाही. दोन गाड्यांत एकाच रंगाचा क्रिस्टल घातला तर एका रिमोटवर दोन्ही पळतात.

"आणि असं करणारा वायरमन नव्हे, बेजबाबदार माणूस," काका समारोप करत.

काकूंचा रणगाडा दर रविवारी तळमजल्यावरच्या पाटीलबाईंच्या तुळशीच्या कुंडीवर चढे. "त्याला जायचंच होतं तिकडे," काकू म्हणत.

ही दोघं बाजाराला निघाली की काका दहा पावलं पुढे आणि काकू पिशवी घेऊन मागे. "अहो, थांबा की जरा!" हे वाक्य सगळ्या कॉलनीला पाठ होतं. काका थांबत नसत. वेग स्थिर पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

एका उन्हाळ्यात काकू गेल्या. तीन दिवस ताप आणि संपलं. दोन महिने पार्किंग शांत होतं. मग एका रविवारी पाटीलबाई धापा टाकत माझ्या दारात आल्या.

"काकूंचा रणगाडा चालतोय! रिमोट कुणाच्याच हातात नाही! तुम्ही सेक्रेटरी ना, बघा काय ते!"

मी चपला घातल्या आणि खाली गेले. काका एकटेच उभे होते, हातात एकच रिमोट. दोन्ही रणगाडे मात्र चालत होते. एकाच वेळी वळत होते. काकूंच्या रणगाड्याच्या अँटेनालाही पिवळी फीत होती.

"काका, दोन्हीकडे पिवळा क्रिस्टल?"

"लाल सापडत नाही."

लाल फितीचा क्रिस्टल त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता. मी तुळशीच्या कुंडीकडे बघितलं.

काकूंच्या रणगाड्याची मोटर जुनी. तो हळूहळू मागे पडत गेला. काकांनी कळ सोडली, तसे दोन्ही थांबले. रिमोट जमिनीवर ठेवून, गुडघा धरत ते मागे चालत गेले. काकूंचा रणगाडा उचलला, आणून आपल्या रणगाड्याशेजारी ठेवला, दोन्हींची तोंडं एका रेषेत केली. मग पुन्हा कळ दाबली. पार्किंगच्या एका फेरीत असं चार वेळा झालं.

वर येऊन मी तक्रारवही उघडली. पाटीलबाईंच्या तक्रारीखाली लिहिलं, "पाहणी केली. वायरिंग व्यवस्थित आहे."