कोठीवाली कौतिकाबाई

कौतिकाबाईंना तांदूळ दान करणं म्हणजे आमच्या गावात पोरीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम होतं. थट्टा नाही करत. तुम्ही चांगल्या मनाने पायलीभर तांदूळ घेऊन गेलात की बाई आधी सूप ओढायच्या. दोनदा पाखडायच्या, चार दाणे दाताखाली धरायच्या, आणि मग तुमच्याकडे असं पाहायच्या की आपण काही चोरून आणलं आहे असंच वाटावं.

"तुह्या घरी हेच शिजते का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. हो म्हटलं तर तांदूळ ढोलीत, म्हणजे धान्याच्या कणगीत. जरा अडखळलात तर टोपली तुमच्या डोक्यावर परत.

हा प्रश्न तोंडात इतका बसलेला की तांदळापुरता राहिलाच नाही. माझ्या सुनेने एकदा पाणचट चहा दिला, तर तिलाही तेच विचारलं. मतं मागायला आलेला एक उमेदवार हात जोडून फार गोड बोलत होता. त्याला म्हणाल्या, "घरी बायकोसंगं असंच बोलता का?" तो पुढच्या घरी गेला तो जरा हळूच.

आमचं गाव सौंदडहून सायकलने अर्ध्या तासावर. एका साली पावसाने दगा दिला आणि श्रावणात काही घरी नुसती पेज उकळू लागली, तेव्हा आम्ही चार बाया आणि पाचव्या कौतिकाबाई, अशा मिळून समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत धान्यकोठी काढली. पद्धत सोपी. धान निघालं की ज्याच्या घरी आहे त्याने आणून टाकायचं, ज्याच्या घरी नाही त्याने गुरुवारी येऊन न्यायचं. परत करायचं बंधन नाही आणि वही तर नाहीच. कोठी सांभाळायच्या कौतिकाबाई. नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही, वयाने आमच्याहून मोठ्या आणि तोंडाने त्याहून मोठ्या.

देणाऱ्याची अशी उलटतपासणी घेणारी ही बाई, नेणारा आला की मात्र उठून भिंतीकडे तोंड करून बसायची. अगदी पाठ करून. नेणाऱ्याने स्वतःच्या हाताने ढोलीतून तांदूळ काढायचा, हवा तेवढा, आणि पदराखाली झाकून निघून जायचं. बाई भिंतीलाच काहीबाही सांगत बसायच्या, म्हणजे नेणाऱ्याला शांततेचं ओझं नको. मी एकदा म्हटलं, अहो, कोणी पोतंभर नेलं तर? म्हणाल्या, "नेऊ दे. पोतं उचलाले पोटात काही लागते."

एका राइस मिलवाल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. त्याने जीपमधून पाच पोती कनकी आणली, म्हणजे तांदळाचा चुरा, आणि सोबत फोटो काढणारा. कौतिकाबाईंनी मूठभर हातावर घेतली, फुंकली, आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, हे माह्या कोंबड्यायले टाका. अन् फोटो त्यायच्यासंगंच काढा." जीप तशीच कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागली. आम्ही चौघी दोन दिवस त्यांच्यावर रागावून होतो. पाच पोती म्हणजे थोडं असतं का?

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग रेशनवर स्वस्त तांदूळ मिळू लागला आणि कोठीवरची वर्दळ आटली. चांगलीच गोष्ट झाली, पण गुरुवारी समाजमंदिरावरून जाताना मला वाईट वाटायचं. दार सताड उघडं, आणि बाई उंबऱ्यावर एकट्या. त्यात पंचायतीला संगणक ठेवायला खोली हवी होती. ग्रामसेवक म्हणाला, कोणी येतच नाही तर कोठी कशाला ठेवता? कौतिकाबाई म्हणाल्या, येतेत. कोण येते? ते नाही सांगत. बस, तिथेच भांडण अडलं.

आता माझा मूर्खपणा सांगते. मला वाटलं, म्हातारीला माणसांची सवय, कोठी गेली तर ही खचेल. म्हणून एका गुरुवारी मी डबा घेऊन गेले. बाई उठल्या, भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी चोरासारखी एक पायली तांदूळ काढला आणि घरी आणला. दारात ट्रॅक्टर उभा, घरात धानाची पोती, आणि माझ्या पदराखाली फुकटचा तांदूळ. दोन दिवसांनी तोच तांदूळ माझं दान म्हणून परत नेऊन दिला. त्यांनी पाखडला नाही, विचारलं नाही, ढोलीत ओतला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पाच-सहा महिने असं चाललं. मग एकदा बचतगटाच्या बैठकीत आम्हा चौघींतली पंचफुला हसता हसता बोलून गेली की ती दर गुरुवारी कोठीवरून तांदूळ नेते आणि सोमवारी परत टाकते, कौतिकाबाईंच्या समाधानासाठी. इंदू म्हणाली, मीपण. चौथी विमल, तीही. एकच तांदूळ चार घरी पाहुणचार घेऊन परत ढोलीत जात होता. आम्ही हसून हसून लोळलो, आणि मग ठरलं की हा पोरखेळ पुरे. कोठी बंद करू. बाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं.

मी दुपारची गेले. त्या लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी घोळवून घोळवून सांगू लागले तर हातानेच थांबवलं.

"शांताबाई, पाठ फिरवली म्हून कान फिरतेत का? तू डावा पाय घासत चालतेस. पंचफुलाच्या बांगड्या वाजतेत. इंदू खोकलते. पयल्या दिवसापासून माहीत हाय मले."

मी खालीच बसले. म्हटलं, मग बोलल्या काऊन नाही?

"कायले बोलू? तुमी येऊन राहिल्या ते बरंच झालं. पाचवी एक येते. ते खरी येते."

मग सांगितलं, अगदी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवावा तसं. नवऱ्याने टाकलेली एक बाई. माहेरच्या कार्डावरून लग्नात नाव कापलं, सासरच्या कार्डावर कधी चढलंच नाही. रेशन दुकानात तिला कोणी ओळखत नाही आणि भावाच्या घरी भावजय रांधलेलं मोजते. नाव सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"एकटी आली तं सारं गाव पायते," त्या म्हणाल्या. "पाच जणी जाऊन राहिल्या तं कोण कोणाले पायते? नवरा गेला तवा मीबी ऱ्हायली होती ना, भावाच्या घरी. मले माहीत हाय, अंगणातून डबा घेऊन जाणं किती लांब असते."

एवढंच. पुन्हा डाळ निवडू लागल्या. मी अर्धा तास तिथे बसून त्यांच्यासोबत खडे काढले.

पुढच्या गुरुवारी ग्रामसेवक वही-पेन घेऊनच आला. म्हणाला, लाभार्थ्यांची नावं द्या, नाहीतर सोमवारी खोली रिकामी करा. सरपंच होते, दहा-बारा माणसं उभी होती. कौतिकाबाई भिंतीला टेकून उभ्या.

मी म्हटलं, "लिहा. शांताबाई."

ग्रामसेवक हसला. "काकू, तुमच्या घरी ट्रॅक्टर आहे."

"आहे. ट्रॅक्टर शिजवून खाता येत नाही. लिहा."

पंचफुलाने नाव दिलं. मग इंदूने, मग विमलने. विमलचा नवरा तिथेच उभा होता, त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सरपंचांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, चार घरं म्हणजे चार घरं, राहू द्या खोली.

त्यानंतर गावाने आम्हाला सोडलं नाही. ट्रॅक्टरवाली भिकेला लागली, हे नळावर बाया माझ्या पाठीमागे नाही, समोर बोलायच्या. माझा मुलगा आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. सून मात्र गुरुवारी न सांगता डबा धुऊन ठेवू लागली.

तीन आठवड्यांनी कौतिकाबाई माझ्या घरी आल्या. त्या कोणाच्या घरी सहसा जात नसत. ओसरीवर बसल्या, चहा घेतला, चहाला नावं ठेवली नाहीत. जायला उठल्या आणि परत बसल्या.

"त्या पाचवीनं अर्धीच पायली नेली," म्हणाल्या. "दोन गुरुवार झाले. म्या इचारलं, काऊन वं? भिंतीकडं पाहूनच इचारलं. तं म्हणते, शांताबाईच्या घरी अडचण हाय म्हणतेत. त्यायलेबी पुरलं पायजे."

मी उठून आत गेले आणि चुलीवरचं दूध पाहून आले. ते उतू जात नव्हतं.