साठ लखोट्यांची मोहीम

रुग्णालयातील तमाम लहानथोर, उभे, बसलेले आणि खाटेवर पडलेले, यांचे खिदमतीस अर्ज ऐसा जे, पित्ताशयाचे वॉर्डात नळीचे मामल्यावरून जो संग्राम जाहला त्याची खरी हकीकत आजवर कोणी लिहिली नाही, आणि जी तोंडोतोंडी चालली तीत तिखटमीठ फार पडले. सबब मुळापासून लिहिले आहे. मनास येईल त्याने वाचावे. पोटास ताजे टाके असतील त्याने हसणे ते जपून हसावे.

या वॉर्डाचे धनी थोरले सर्जनसाहेब, शस्त्रविद्याविशारद, पित्तखडेभंजन, एकतीस वर्षांचे मनसबदार. स्वारी राउंडास निघाली म्हणजे उशा आपोआप सरळ होत आणि शिकाऊ डॉक्टरांस स्वतःचे नाव आठवेनासे होई. साहेबांचे शस्त्रागारी एक शस्त्र खासे, ते म्हणजे रबरी नळी. पित्ताशय काढिले म्हणजे पोटाचे कडेस एक भोक पाडावे, त्यातून नळी आत सोडावी, बाहेरचे टोकास बाटली जोडावी, आणि आत काही रक्तपित्त झिरपले तर ते बाटलीत उतरावे, ऐसा बंदोबस्त. मग रोगी ती बाटली हाती धरून वऱ्हांड्यात हळूहळू चाले, जैसा परमुलखीचा वकील नजराणा घेऊन दरबारी चालावा. बाटलीत बहुधा काही नसे. परंतु नळी घातली म्हणजे साहेबांचे चित्त स्वस्थ होई, आणि साहेबांचे चित्त स्वस्थ तर वॉर्ड स्वस्थ. यावरून लोकांनी त्यांस माघारी 'नळीबहाद्दर' ऐसा किताब दिला होता.

साहेबांचे पदरी एक धाकट्या डॉक्टरीणबाई होत्या. तिसरे सकाळी नळी ओढून काढणे ही चाकरी त्यांजकडे. रोगी ओरडत, दात खात, कोणी त्यांचे मनगट धरून ठेवीत. एके दिवशी एका शिंपीणकाकूंची नळी निघाली तेव्हा काकूंनी डोळे पुसले आणि पुसिले, "पोरी, हे आत घालायलाच हवं होतं का गं?" बाईंनी उत्तर देण्यास तोंड उघडले, आणि तोंडात उत्तर नव्हते. मग त्यांनी ग्रंथालयाचा कुल मुलूख धुंडाळिला. एक ग्रंथ म्हणे घालावी, दुसरा म्हणे न घालावी, तिसरा म्हणे सर्जनाचे मर्जीवर सोडावी. तेव्हा बाईंनी मसलत केली की आपणच निवाडा करावा. साठ रोगी घ्यावे, तिसांस नळी घालावी, तिसांस घालू नये, आणि कोणास काय हे सर्जनाने ठरवू नये, रोग्याने ठरवू नये, निव्वळ दैवाने ठरवावे.

संशोधन समितीपुढे मामला गेला. समितीने फर्माविले की एक वर्षाची मुदत. साठ भरले नाहीत तर कागद बासनात बांधावे आणि पुन्हा या विषयाचा अर्ज करू नये. थोरल्या साहेबांनी मोठ्या मनाने मान्यता दिली, कारण नळीच जिंकणार याविषयी त्यांस तिळमात्र शंका नव्हती. वर आपले हाताने एक कलम घातले, 'ज्यास नळी घातली त्याची नळी तिसरे दिवशीचे सकाळपर्यंत काढू नये, कोणी कितीही बोंब मारली तरी काढू नये.' हे कलम वाचकाने ध्यानी ठेवावे; पुढे ते फार कामास येते.

दैवाचा कारभार आकडेशास्त्र्यांकडे होता. हे गृहस्थ तळघरात बसत, आकड्यांखेरीज कोणाशी बोलत नसत. त्यांनी साठ चिठ्ठ्या केल्या, तिसांवर 'नळी', तिसांवर 'बिननळी'. त्या डोळे मिटून मिसळिल्या, साठ लखोट्यांत घातल्या, वर क्रमांक टाकिले आणि बिस्किटांचे डब्यात भरून शस्त्रक्रियेचे दालनी रवाना केल्या. नियम ऐसा की पहिल्या रोग्याचा पहिला लखोटा, दुसऱ्याचा दुसरा, आणि त्यात बदल नाही.

परंतु लखोटे कचेरीतले, कागद पातळ. आणि दालनाचे भिंतीस एक्स-रे पाहण्याची काचेची पेटी, आतून दिवा लागणारी. एके सकाळी थोरल्या साहेबांनी सहज, म्हणजे दार लोटून आणि मागेपुढे पाहून, एक लखोटा त्या काचेस लाविला. आत 'बिननळी' हे अक्षर ऐसे स्वच्छ दिसले की वेलांटीही मोजता आली. त्या दिवशी टेबलावर एक थकलेले, धापा टाकणारे आजोबा येणार होते. साहेबांचे काळीज हलले. हुकूम निघाला की आजोबांचा रक्तदाब ठीक नाही, त्यांस उद्या आणावे. आज त्या तरण्याताठ्या पोहण्याचे शिक्षकास आणावे. आणि बिननळीचा लखोटा पोहण्याचे शिक्षकाचे वाट्यास आला. मग हीच रीत पडली. लखोटा काचेस लावावा, आणि त्यास शोभेल ऐसा रोगी त्या दिवशी बोलावावा.

वीस लखोटे फुटले, चार महिने गेले, तेव्हा आकडेशास्त्री तळघरातून स्वतः वर आले. वॉर्डात कल्लोळ जाहला, कारण त्यांस पाय आहेत हे कित्येकांस ठाऊक नव्हते. त्यांनी बाईंपुढे कागद ठेविला.

"नळीवाल्यांचं सरासरी वय त्रेसष्ट. बिननळीवाल्यांचं एकतीस. मॅडम, दैव इतकं हुशार नसतं."

बाईंनी तो कागद उचलिला. त्या उठल्या आणि थोरल्या साहेबांचे खोलीत गेल्या. ज्या खोलीत आजवर त्यांनी 'हो सर' याखेरीज शब्द उच्चारिला नव्हता, तेथे जे भाषण जाहले ते दाराआडून वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी ऐकिले, सबब खात्रीचे आहे.

"अगं, त्या आजोबांना नळीशिवाय कसा सोडू? काही झालं असतं म्हणजे?"

"सर, नळी लागते की नाही तेच तर आपण शोधतोय."

"मला एकतीस वर्षं माहीत आहे."

"एकतीस वर्षं तुम्ही घातलीत, सर. न घालून कधी पाहिलंय?"

 मग बाई बोलल्या की आणखी एक गोष्ट आहे. सगळे थकलेले, आजारी रोगी नळीचे पक्षास गेले, आता त्यांस ताप आला, दुखले, तर खापर नळीवर फुटणार. साहेबांनी दया करून आपल्याच नळीचा घात केला होता. हे ऐकून साहेब खुर्चीत ऐसे बसले जैसा सेनापती आपल्याच तोफांचे तोंडी सापडावा.

वीस लखोटे बाद जाहले. नवे साठ करावयाचे आणि वर्षातले महिने उरले आठ. बाईंनी भिंतीवरचे कालदर्शिकेकडे पाहिले आणि रडणे पुढे ढकलिले.

आता मोहिमेची सूत्रे मोठ्या सिस्टरांनी घेतली. या सिस्टर साहेबांहून दोन वर्षे आधी चाकरीस लागलेल्या. साहेबांनी पहिले पोट उघडिले तेव्हा चिमटा यांनीच सुलटा करून दिला होता. त्यांनी एक्स-रे फिल्म गुंडाळून येते तो काळा कागद जमा केला आणि साठही लखोट्यांस आतून चिलखत घातले. साहेबांनी वचन दिले होते की पाहणार नाही. आणि मन कबूल होते, परंतु हाताची खोड जाईना. एके दिवशी लखोटा काचेस लागला, अंधार. मग साहेबांनी शस्त्रक्रियेचे टेबलावरचा सात दिव्यांचा मोठा झोत त्याजवर रोखिला, तरी अंधार. मग अखेरचा मनसुबा म्हणून हत्यारे वाफवण्याचे यंत्राचे तोंडी लखोटा धरिला, की डिंक सुटेल. डिंक सुटला नाही. लखोटाच मेणासारखा वाकला. इतक्यात सिस्टर आल्या.

"सर, लखोटा ओला कसा?"

"हवा दमट आहे."

"बाकीच्या लखोट्यांना नाही लागली ती हवा?"

 तो लखोटा बदलण्यात आला, आणि त्याच दिवशी सिस्टरांचा हुकूमनामा दारावर डकविला गेला की, आजपासून डबा सिस्टरांचे खुर्चीखाली राहील. रोगी कोणता हे आदले दिवशी ठरेल. आणि पित्ताशय सुटून तबकात पडल्यावाचून लखोटा फुटणार नाही, मग समोर थोरले साहेब असोत की साहेबांचे थोरले असोत. ही तोड ऐसी नामी की तिजवर उपाय नव्हता. तबकात पडलेले पित्ताशय परत जोडून उद्या या म्हणता येत नाही.

मग गाडी चालू लागली. तीस भरले, चाळीस भरले, पन्नास भरले, आणि वर्षाचे शेवटचे आठवड्यात एकोणसाठ भरले. आणि तेथे सारे थांबले. मुलुखातले सगळे पित्तखडे जणू एकदम विरघळले. बाई रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसत, आणि पोट धरून कोणी आला की उठून उभ्या राहत. तो निघे अपचनाचा. मुदत संपण्यास चार दिवस राहिले.

त्या दुपारी थोरल्या साहेबांची स्वारी जेवणाचे टेबलावरून उठली ती बरगडीखाली हात दाबूनच उठली. साहेब म्हणाले, गॅस. साहेबांच्या पत्नी, ज्यांस अवघे रुग्णालय वहिनी म्हणे, त्या बोलल्या, "दोन वर्षं गॅस म्हणताय. लोकांच्या पोटावर हात ठेवून खडे सांगता, स्वतःचं पोट काय भाड्याचं आहे?" सोनोग्राफी जाहली. सात खडे, त्यात एक सुपारीएवढा.

 साठावा रोगी घरातच निघाला हे सर्वांच्या ध्यानी आले, परंतु बाईंस ते तोंडाने मागणे शोभेना. आकडेशास्त्र्यांनी पात्रतेची यादी पाहून निवाडा दिला की पित्ताशय असावे, त्यात खडे असावे, रोगी शुद्धीत असावा. हुद्द्याची अट कोठे लिहिली नाही.

मग बाई संमतीपत्र घेऊन खाटेपाशी गेल्या. हेच पत्र साहेब इतरांपुढे धरीत तेव्हा म्हणत, करा सही, काही नाही त्यात. आता स्वतः चष्मा लावून नऊही पाने वाचिली, आणि सातव्यावरून पुन्हा तिसऱ्यावर गेले.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही, सर. तुमचं ऑपरेशन तसंच नीट होईल. हवी तर नळी घालू, नको तर नाही. तुमची मर्जी."

"आणि साठावा?"

"राहील रिकामा." बाईंचा आवाज सरळ होता, परंतु पेनाचे टोपण त्या उगाच लावीत आणि काढीत होत्या.

साहेबांनी आढ्याकडे पाहिले आणि विचारिले की लखोटा निदान त्यांस तरी आधी दाखवावा. शेजारचे खुर्चीतून सिस्टरांचे उत्तर आले की तबकात पडल्यावाचून नाही. वहिनी म्हणाल्या, "करा सही. एकोणसाठ लोकांना करायला लावलीत, तेव्हा नाही एवढा विचार केलात."

साहेबांनी सही केली. 

दुसरे दिवशी बाईंनी गुरूचे पोटावर शस्त्र धरिले. हात हलला नाही. पित्ताशय तबकात पडले, सुपारीएवढा खडा खणकन वाजला, आणि सिस्टरांनी साठावा लखोटा फोडून मोठ्याने वाचिला. नळी.

साहेब शुद्धीवर आले, हाताने चाचपले, नळी सापडली, आणि मुखावर विजयाचे हसू उमटले. ते हसू एक प्रहर टिकले. मग कूस बदलावी तर नळी खुपे, खोकावे तर नळी टोचे, हसावे तर प्रश्नच नाही. दुसरे दिवशी बाटली धरून वऱ्हांड्यात चालविले तेव्हा बाकीचे रोगी खाटेवर उठून बसले आणि त्यांनी अदबीने वाट दिली. बाटलीत काही नव्हते. संध्याकाळी साहेबांचा हुकूम आला की नळी आत्ताचे आत्ता काढावी. सिस्टरांनी फाईल उघडून कलम वाचून दाखविले, कोणी कितीही बोंब मारली तरी. खाली सही कोणाची तेही वाचिले.

तिसरे सकाळी बाई आल्या. साहेबांनी त्यांचे मनगट धरिले. बाईंनी नळी ओढिली. जी आरोळी निघाली ती तळघरात आकडेशास्त्र्यांनी ऐकिली आणि तिची वेळ टिपून ठेविली.

साहेबांनी घाम पुसला. "एवढं दुखतं?"

"हो, सर."

"मग कुणी सांगितलं नाही मला?"

"सांगायचे, सर. तुम्ही तोवर पुढच्या खाटेवर गेलेले असायचात."

महिन्याने, साठाव्याची शेवटची तपासणी होताच, आकडे उघडले. ताप, जखम चिघळणे, पोटात पाणी साठणे, दोन्ही पक्षी जवळजवळ सारखे. परंतु बिननळीवाले दीड दिवस आधी घरी गेले आणि दुखण्याची इंजेक्शने त्यांनी निम्मीच मागितली. बाईंनी अहवालात लिहिले की साठांवरून अवघ्या जगाचा निवाडा होत नाही, इतरांनीही करून पाहावे. आमचे वॉर्डाचा निवाडा मात्र थोरल्या साहेबांनीच दिला. आजपासून नळी रिवाज म्हणून घालू नये. आत पाहून गरज दिसली तरच घालावी, आणि काढताना रोग्याचा हात धरण्यास एक माणूस उभे करावे. बाई तो हुकूम घेऊन थेट शिंपीणकाकूंचे दुकानी गेल्या आणि पुष्कळ उशिराने उत्तर देऊन आल्या, की नव्हतं घालायला हवं, काकू.

येणेप्रमाणे साठ लखोट्यांची मोहीम फत्ते जाहली, एक नळी पडली, सात खडे हस्तगत जाहले. पुढे बाईंनी टाक्यांचे धाग्याविषयी दुसरी मोहीम काढिली, तेव्हा समितीने पुसिले की लखोट्यांचा तपासनीस कोण. बाईंनी विनाविलंब थोरल्या साहेबांचे नाव दिले. आता नवा डबा आला की साहेब एकेक लखोटा काचेस लावितात, सात दिव्यांखाली धरितात, वाफेवर धरितात, आणि अगदी काहीच दिसत नाही ऐसे झाले म्हणजे परम संतोषाने त्यावर आपला शिक्का मारितात.