ओढ्यातला एकमेव खड्डा

निसर्ग मुळातच निष्काळजी असतो, म्हणून त्याला समिती लागते. कुळगावच्या बागेतला ओढा मात्र कित्येक पिढ्या समितीशिवाय वाहत होता. हा गलथानपणा १९९४ च्या एप्रिलमध्ये दौलतरावांच्या लक्षात आला.

दौलतराव अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होते. समोरचा नट नकाशातल्या मापाचा नसला की त्यावर लाल ठिपका द्यायचा, एवढेच काम. निवृत्तीनंतर ठिपका द्यायला काही उरले नाही. (बायकोने पोळ्यांवर देऊ दिला नाही.) त्यामुळे ‘आदर्श ओढा’ स्पर्धेचा छापील फॉर्म हाती पडताच त्यांना ओढ्याविषयी मनापासून माया वाटू लागली.

रकाना १. स्वयंसेवक: त्रेचाळीस. (टोपी घातलेले त्रेचाळीस, फावडे धरलेले सात.)

रकाना २. काढलेला कचरा: चार ट्रॉल्या. (बागेबाहेर, त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला टाकला. तिथे स्पर्धा नव्हती.)

रकाना ३. बुजवलेले खड्डे:

इथे दौलतरावांचे पेन अडले. ओढ्यात खड्डाच सापडेना, आणि रकाना रिकामा ठेवणे त्यांच्या रक्तात नव्हते.

रविवारी अकरा वाजता उन्हाने श्रमदान थांबले. सरबत यायचे होते. काठावर ठमी हंडा घेऊन बसली होती. ती मागच्या डोंगरातल्या वाडीची; वाडीला नळ नाही. तिने कुणी न मागता पितळी तांब्या भरून पुढे केला. तांब्या त्रेचाळीस तोंडांतून फिरला. दौलतराव दोनदा प्याले.

“वा! फ्रिजच्या तोंडात मारेल असं पाणी. कुठून आणलंस, बाई?”

ठमीने उंबराखाली बोट दाखवले. तिथे वाळू उकरून, कडेने दगड लावून केलेला कमरेइतका खड्डा होता. तळाशी पाणी हळूहळू पाझरत होते. करवंटीने भरायला बसले तर तासाला एक हंडा.

दौलतरावांचा चेहरा उजळला.

“जयदेव, रकाना तीन!”

चिटणीस जयदेवने फॉर्म उघडला.

“खड्डा नाय दादा, झिरा हाय,” ठमी म्हणाली. “नऊ घरा पितात याचा पानी.”

“म्हणजे वापरातला खड्डा,” जयदेवने लिहून घेतले. “जास्तच धोकादायक.”

“यो बुजवला त आम्ही काय पिवाचा?”

“तुमच्याच भल्यासाठी आहे, बाई. पोरंबाळं पडतील.”

“इतक्या वर्सांत कोन नाय पडला. तुमीच पयले एवडे वाकून बगताव.”

काही स्वयंसेवक हसले. (हसणाऱ्यांनीच नंतर पहिली पाटी टाकली. मन मोकळे झाले की काम जोरात होते.) वीस मिनिटांत डबर, सिमेंट आणि वर लाल फरशी. मग फोटो.

पाचव्या दिवशी ओढा आटला. ठमीच्या झिऱ्यात जे पाझरत होते त्यावरच तो उन्हाळा काढत असे. पण या माहितीसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. परीक्षक आले. साचलेले पाणी: शून्य. डास: शून्य. दुर्गंधी: शून्य. एवढा निर्दोष ओढा त्यांनी जिल्ह्यात पाहिला नव्हता. पहिला क्रमांक.

ठमी आता मांजर्लीच्या अंगाला नदीवर जाते. एका हंड्याला अर्धा दिवस.

फोटो बागेच्या फाटकात काचेच्या पेटीत लावलेला आहे. पुढे झिरा कुणी बुजवला याची चौकशी झाली तेव्हा एकेकाने सांगितले, “मी त्या दिवशी नव्हतो.” दौलतरावांनीही तेच सांगितले. त्रेचाळीस जणांच्या गैरहजेरीत झालेले हे तालुक्यातले सर्वांत मोठे श्रमदान.

तुम्हीही नव्हता, हे मान्यच आहे. तुम्ही तर मघापासून ठमीच्या बाजूने आहात. फक्त फोटोत दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथे, टोपी जरा तिरपी, ओठ अजून ओले, ते अगदी तुमच्यासारखे दिसतात. हातातला तांब्या ठमीचा आहे. तेवढा परत पाठवा.