समुद्रावरचं धुणं

लातूर जिल्हा झाला आणि सिद्रामप्पा आडत्याच्या चालण्यात फरक पडला. दुकान तेच, गादी तीच, दुखणारे गुडघेही तेच. पण माणूस आता तालुक्याचा राहिला नव्हता. चहाला थांबला तरी ऐकवायचा, "आता आपुन जिल्ह्याची माणसं. शोभंल असं वागलं पाहिजे!"

जिल्हा झाला, पण पाऊस काही सरकारी हुकूम मानायला तयार नव्हता. त्या उन्हाळ्यात नळाला अधूनमधून नुसती फुसफुस व्हायची, आणि लोक तिलाच पाणी म्हणायचे. अप्पांच्या बायकोनं, गुरम्मानं, भांडी राखेनं घासून आणि कपडे झटकून दिवस काढले. त्यातच पोरीचं, उमाचं, स्थळ जमत आलेलं. मुलगा मन्मथ, मुखेडला मास्तर. त्याला पोरगी पसंत होती. अडून बसले होते ते त्याचे वडील अमृतराव.

अमृतराव म्हणजे पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि कपाळावर पांढरी विभूती. दुष्काळातसुद्धा त्यांच्या धोतरावर डाग पाहिलेला माणूस मुखेडात नव्हता. "सोयरा पारखायचा तर त्याच्यासंगं प्रवास करावा," एवढंच म्हणायचे आणि होकार खिशात घालून घरी जायचे.

"आस्सं? मंग प्रवासच करू," अप्पा बायकोला म्हणाले. "समुद्र दाखवितो त्यांना. जिल्ह्याच्या माणसानं याच्या खाली काय दाखवावं?"

मेटाडोर ठरली. गुरम्मा आणि उमाही निघाल्या. आंध्राच्या किनाऱ्यावर एक कोळशाचं बंदर होतं. तिथं दीपगृह, समुद्रकाठी महादेवाचं देऊळ, लांबलचक वाळू आणि बघायला जहाजं आहेत, अशी माहिती अप्पांना एका मिरचीवाल्या व्यापाऱ्यानं दिली होती.

गाडीच्या टपावर एक भलं मोठं गाठोडं होतं. मुखेडला अमृतराव आणि त्यांची बायको कमलम्मा चढले तेव्हा त्याच्या शेजारी दुसरं गाठोडं चढलं.

"फराळाचं हाय का?" अप्पांनी विचारलं.

अमृतराव घुटमळले. "न्हाई, धुणं हाय. म्हटलं, एवढं पाणी बघाया चाललो... आन् तुमचं?"

"आमचं बी धुणंच."

दोघांनी आपापल्या खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली.

यात लाजण्यासारखं तसं काही नव्हतं. त्या साली आपल्याकडं रीतच होती ती. पाण्याच्या गावाला पाहुणा गेला की आधी त्याचं गाठोडं उतरायचं, मग तो. पण अप्पांना यात संधी दिसली. "अमृतराव, तुमच्या कपड्याची जिम्मेदारी माझी. असे पांढरे करून देतो की मुखेड बघत राहील."

आणि मग समुद्र दिसला. गुरम्माचे डोळे भरून आले. "शिवा शिवा," ती म्हणाली, "एवढं पाणी, आन् राखायला कुणी न्हाई."

लगेच पदर खोचले गेले. अमृतरावांनी तर अंगावरचेही कपडे देऊन टाकले आणि पंचा नेसून म्हशीसारखे पाण्यात बसले. इकडं अप्पा साबण घासतायत घासतायत, वडी झिजून गेली, फेस येईना.

"अप्पा, पाणी खारं हाय," उमा म्हणाली.

"मंग लातूरच्या बोअरचं काय लई गोड हाय?" अप्पा म्हणाले. पण फेस आला नाही तो नाहीच. शेवटी धुणं देवळाच्या विहिरीवर गेलं. विहीर गोड निघाली. महादेवाचं दर्शन सगळ्यांनी काखेत ओले पिळे घेऊनच घेतलं.

आता वाळत कुठं घालायचं? दीपगृहाचा कठडा अप्पांना फार आवडला, पण तिथल्या माणसानं पहिलंच धोतर बघून हाकलून लावलं. फिरता फिरता बंदराच्या कडेला तारेचं कुंपण दिसलं. लांबच लांब, ताठ, मोकळं. पलीकडं कोळशाचे डोंगर शांत पडून होते.

"एवढी तार आन् कुणाचंच कापड न्हाई," गुरम्मा बिचकली. "आन् हितल्या बायका बघितल्या का? समद्यांची लुगडी काळी."

"रिवाज आसंल त्यांचा."

"आन् त्यो कोळसा?"

"कोळशाला काय पंख फुटलेत? घाल तू वाळत!"

कुंपणावर दोन घरांची अब्रू पसरून मंडळी देवळात गेली. दशम्या आणि शेंगाची चटणी खाल्ली आणि गार फरशीवर आडवी झाली. दुपारी वारा फिरला. झोपेत सगळ्यांना बरंच वाटलं.

उठून कुंपणाशी आले तर तारेवर तव्याच्या पाठी टांगल्यासारखं दिसत होतं. कापड ओलं, त्यामुळं कोळसा नुसता बसला नव्हता, मुरला होता. अमृतराव नुसत्या पंच्यानिशी उभे राहून बघत होते. अप्पांना मात्र धोतरं दिसतच नव्हती. मोडलेली सोयरीक दिसत होती. उमानं तोंडात पदर कोंबला होता, आणि ती रडते की हसते ते बघायची त्यांची हिंमत नव्हती.

अमृतरावांनी एक टोपी उचलली. "अप्पा, ही कुणाची?"

"तुमचीच."

"वळखू येईना," एवढं म्हणून त्यांनी ती डोक्यावर ठेवली, काळं धोतर नेसलं आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या वाटेवर देगलूर मागं पडल्यावर त्यांनी एकदाचं तोंड उघडलं.

"हे आता धुणार कोण?"

"मीच," अप्पा पुटपुटले. "जिम्मेदारी घेतली होती."

"कवा?"

"पाऊस पडल्यावर."

"म्हंजी तवर तुमच्याशी संबंध ठिवावा लागतो." अमृतरावांनी बायकोकडं बघितलं. कमलम्मा केव्हाची हसत होती. "मंग करूनच टाकू सोयरीक. परका माणूस तोंड चुकवंल, व्याही कुठं जातो?"

अप्पांनी गाडी थांबवून रस्त्यातच सगळ्यांना गूळ वाटला.

व्याह्यांना मुखेडला उतरवून, त्यांचं धुणं तसंच टपावर घेऊन अप्पा लातुरात आले तर आळी गोळा झाली. "अप्पा, समुद्र कसा हाय?"

"पाणी लई. फेस न्हाई."

"दीपगृह?"

"कठडा झकास. वाळत घालू देत न्हाईत."

"देऊळ?"

"विहीर गोड हाय."

"आन् बंदर? कोळशाचं बंदर बघितलं का न्हाई?"

अप्पांनी टपावरची दोन्ही गाठोडी खाली ओढली. "ते मुखेडला जाऊन इचारा," ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांनी अंगावर घालून आणलंय."