पानांना नाव विचारलं नाही

"मावशी, आजची जादू मी करणार! मीच!" भिंगरी बागेच्या दारातूनच ओरडली.

दुपारी आईची गाडी चालवण्याची परीक्षा होती. परीक्षक शेजारी बसले की आईचे हातपाय गळायचे. आजही नापास झाले तर गाडी विकून टाकायची, असं तिनं ठरवूनच ठेवलं होतं.

मावशी झाडपाल्याची जादू शिकवायची. "मन शांत करायला पुदिना," ती म्हणाली. "पण आधी झाडाची परवानगी घ्यायची. दरोडेखोरासारखं ओरबाडायचं नाही."

भिंगरीनं हात जोडून विचारलं. पानं हलली. म्हणजे होकारच! मूठभर पानं चुरगळून तिनं फडक्यात बांधली आणि पुरचुंडी गुपचूप गाडीच्या सीटखाली सरकवली.

परीक्षेच्या मैदानावर मावशी-भाची कठड्याशी उभ्या राहिल्या. गाडी हलली, तशी चहावाल्याच्या बाकाखालची मांजर उठली. मग भिंतीवरची. बघता बघता साऱ्या मांजरांची वरात शेपट्या उभारून गाडीमागे! एका गलेलठ्ठ बोक्यानं तर उघड्या खिडकीतून थेट परीक्षकांच्या मांडीवर उडी घेतली.

"भिंगरे, पानं कुठली तोडलीस?"

"कोपऱ्यातल्या कुंडीतली."

"अगं, तो पुदिना नव्हे! दिसतो तसाच, पण मांजरांना वेड लावतो!"

"पण मी विचारलं होतं!"

"परवानगी विचारलीस. नाव विचारलंस का?"

भिंगरीनं कपाळावर हात मारला. गेली गाडी!

"काढा याला! मला मांजराची भीती वाटते!" परीक्षकांची किंकाळी कठड्यापर्यंत आली. पाठोपाठ आईचा आवाज. भिंगरीला ताप आला की ती बोलायची, अगदी तसा. "घाबरू नका साहेब, लांब श्वास घ्या. मी आहे ना. हं, आता वळूया."

मुंगीच्या पावलांनी, एकेका शेपटीला चुकवत गाडी वळली, मागे आली आणि बरोबर रेषेवर थांबली.

परीक्षक घामाघूम होऊन उतरले. "पास! बाई, तुम्ही पास! फक्त या बोक्याला घेऊन जा!"

बोक्यासह सगळे परतले. आई गाडी पुसता पुसता गुणगुणत होती. भिंगरी मात्र धावत कोपऱ्यातल्या कुंडीपाशी गेली आणि शहाण्या मुलीसारखी मांडी घालून बसली.

"मघाशी चुकलंच माझं," ती म्हणाली. "आता सांग, तुझं नाव काय?"

पानं हलली. आणि आतून अगदी स्पष्ट उत्तर आलं, "म्याँव!"